गाडीचे इंजिन ऑइल : आकडा घट्टपणाचा, अक्षरे दर्जाची

कापड घेताना आमचे व्यापारी बंधू किती चौकस असतात हे आम्ही तीस वर्षांपासून पाहत आलो आहोत. तागा उलगडून, कापड बोटांत धरून, उजेडासमोर नेऊन, सूत मोजून मगच सौदा होतो. मीटरमागे वीस पैशांसाठी तासभर घासाघीस चालते. तोच व्यापारी आपली गाडी सर्व्हिसिंगला पाठवतो तेव्हा मात्र "चांगले तेल टाका" एवढेच सांगून मोकळा होतो. चांगले म्हणजे कोणते, हे ना तो विचारतो, ना कोणी त्याला सांगतो. लाखो रुपयांची गाडी ज्या तीन-चार लिटर तेलावर चालते, ते तेल बहुधा मालकाने डोळ्यांनी पाहिलेलेही नसते.

दुसऱ्यांची गोष्ट कशाला, आम्हीच याला अपवाद नव्हतो. पेढीसाठी २०२१ च्या अखेरीस आम्ही एक डिझेल गाडी घेतली. कंपनीच्या मोफत सर्व्हिसिंग संपल्यावर, चार पैसे वाचावेत म्हणून ती आमच्या नेहमीच्या उस्तादकडे जाऊ लागली. उस्ताद जुना, सचोटीचा आणि हाताला कसब असलेला. तो म्हणाला, "सेठ, आपल्याकडे गरमी फार. कंपनी पातळ तेल टाकते. मी घट्ट टाकतो, इंजिन मजबूत राहील." आम्हाला ते पटले. ड्रममधले पंधरा-चाळीसचे तेल गाडीत पडू लागले. दोन वर्षे काहीच तक्रार नव्हती. उलट, तेलाच्या खर्चात बचत झाली म्हणून आम्ही खूश होतो.

मे २०२४ मध्ये, ऐन लग्नसराईत, मालेगावहून नमुन्यांच्या पेट्या घेऊन भिवंडीकडे येताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि कसारा घाट उतरण्यापूर्वीच गाडीचा जोर नाहीसा झाला. ॲक्सिलरेटर दाबूनही ती बैलगाडीसारखी चालू लागली. कंपनीच्या वर्कशॉपने सांगितले की सायलेन्सरच्या वाटेवरचा धुराचा फिल्टर राखेने भरला आहे. नव्या फिल्टरची किंमत आमच्या दुकानातल्या दोन माणसांच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी होती. हमीची मुदत अजून शिल्लक होती, पण गाडीत कोणते तेल पडले याचा एकही कागद आमच्यापाशी नव्हता.

उस्तादला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका दोन वर्षे डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीसह पडून होती. आम्ही ती उघडली नाही, उस्तादला दाखवलीही नाही. ती वाचल्यावर आणि वर्कशॉपच्या इंजिनिअरशी दोन-तीन वेळा बसून बोलल्यावर जे उमगले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

तेलाचे काम काय?

तेलाचे पहिले काम सर्वांना ठाऊक आहे. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून दोघांमध्ये तेलाचा पातळ थर राहतो. पण याखेरीज आणखी कामे आहेत. पिस्टनपर्यंत रेडिएटरचे पाणी पोहोचत नाही, तेथील उष्णता तेलच वाहून नेते. जळणातून तयार होणारी काजळी आणि चिकटा ते धुऊन काढते व आपल्या अंगात तरंगत ठेवते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांमधली फट ते बुजवते. जळण्यातून निर्माण होणारे आम्ल मारून ते गंज रोखते. नव्या गाड्यांत तर व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर चालते. टर्बो असलेल्या गाडीत त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो केवळ तेलाच्या थरावर तरंगत असतो.

एवढी कामे नुसत्या तेलाने होत नाहीत. डब्यातला मोठा भाग मूळ तेलाचा असतो. उरलेला भाग झीज थांबवणाऱ्या, मळ धुणाऱ्या, फेस रोखणाऱ्या आणि घट्टपणा सांभाळणाऱ्या रसायनांचा असतो. दोन डब्यांतले तेल हाताला सारखेच लागते, पण ही रसायने वेगळी असू शकतात. बोटांत तेल चोळून दर्जा ओळखता येतो असे जे सांगतात, त्यांच्यावर विसंबू नये. कापडात हात फसत नाही, तेलात फसतो.

आकड्यांचा अर्थ

डब्यावर एसएई या अक्षरांपुढे ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० असे आकडे असतात. एसएई ही अमेरिकेतील मोटार इंजिनिअरांची संस्था. तेलाच्या घट्टपणाची वर्गवारी तिने प्रथम १९११ साली केली आणि आज जगभर तीच वापरली जाते.

शेवटचा आकडा गरम इंजिनातला घट्टपणा सांगतो. तेल १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, ते बारीक नळीतून खाली यायला किती वेळ घेते हे मोजतात. त्याचे माप सेंटीस्टोक. ९.३ ते १२.५ भरले तर ३० नंबर, १२.५ ते १६.३ भरले तर ४० नंबर आणि १६.३ ते २१.९ भरले तर ५० नंबर. पहिल्या आकड्यापुढच्या डब्ल्यूचा अर्थ विंटर, म्हणजे हिवाळा. तो थंडीतला प्रवाह सांगतो. ५डब्ल्यू तेल उणे ३५ अंशांवरही पंपाला ओढता आले पाहिजे. २०डब्ल्यूची हीच कसोटी उणे २० अंशांवर होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ५डब्ल्यू-३० हे तेल थंडीत पातळ आणि गरम झाल्यावर घट्ट होते असे अनेकजण समजतात. तसे नाही. तापल्यावर प्रत्येक तेल पातळच होते. असे दोन आकड्यांचे तेल साध्या तेलाच्या मानाने कमी पातळ होते, एवढाच त्याचा गुण.

आपल्या मुलखात उणे तापमान नाही, मग पहिल्या आकड्याशी आपल्याला काय कर्तव्य, असा प्रश्न येईल. मालेगाव-नाशिकच्या थंडीत कोणतेही तेल गोठणार नाही हे खरे. पण रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीतले तेल खाली चेंबरमध्ये उतरलेले असते. सकाळी किल्ली फिरवल्यावर ते वरच्या भागापर्यंत चढायला काही क्षण लागतात आणि तेवढा वेळ इंजिन जवळजवळ कोरडे फिरते. पहिला आकडा लहान असेल तर तेल वर लवकर पोहोचते. त्यामुळे पुस्तिकेत ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू लिहिले असेल, तर ते केवळ बर्फाच्या देशासाठी लिहिले आहे असे समजू नये.

घट्ट म्हणजे मजबूत नव्हे

वस्त्रोद्योगातल्या वाचकांना सूताच्या नंबराचे उदाहरण चटकन पटेल. ४० नंबरच्या सूतापेक्षा ६० नंबरचे सूत बारीक, हे पोरासोरांनाही माहीत आहे. तेलात मात्र उलटे आहे, आकडा मोठा तसे तेल घट्ट. पण मुख्य गोष्ट दोन्हीकडे एकच आहे. सूताचा नंबर फक्त बारीकपणा सांगतो. सूत कार्डेड आहे की कोम्ब्ड, मजबूत आहे की तुटणारे, हे नंबरावरून कळत नाही. ४० नंबरच्या दोन कोन्यांच्या भावात जसा जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, तसाच ४० नंबरच्या दोन तेलांच्या दर्जात असू शकतो. तेव्हा ५० नंबरचे तेल ३० नंबरच्या तेलापेक्षा "चांगले" आहे, असे म्हणण्यात काहीच अर्थ नाही.

मग घट्ट तेलाची ही समजूत आली कोठून? ती ॲम्बॅसेडर आणि फियाटच्या जमान्यातून आली. त्या इंजिनांतल्या फटी मोठ्या होत्या, घडाई ढोबळ होती आणि त्यांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मानवत असे. त्या काळच्या उस्तादांचा अनुभव त्या गाड्यांपुरता खराच होता. पण ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ अखेर बाद झाली. गाड्या गेल्या, समजूत मात्र मागे राहिली.

आजच्या इंजिनात फटी बारीक आणि तेलाच्या वाटा अरुंद असतात. अलीकडच्या कित्येक लहान पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० आणि काहींत तर ०डब्ल्यू-१६ लिहिलेले असते. त्यात ५० नंबरचे तेल टाकले तर इंजिनाचा जोर ते ढकलण्यातच खर्च होतो, पेट्रोल जास्त लागते, तेल हवे तेथे उशिरा पोहोचते आणि व्हॉल्व्हची यंत्रणा अडखळू शकते. याच्या उलट चूकही तितकीच वाईट. जुन्या गाडीला ४० नंबर सांगितला असताना ॲव्हरेज वाढेल म्हणून २० नंबर टाकला, तर तेलाचा थर फाटतो आणि बेअरिंग झिजते.

पुस्तिकेत पुष्कळदा एकाहून अधिक नंबर दिलेले असतात आणि हवामानाचा तक्ताही असतो. अशा वेळी निवड त्या मर्यादेतच करावी. गाडी भर उन्हात, पूर्ण भार घेऊन, घाटातून धावणारी असेल तर दिलेल्यांपैकी घट्ट घ्यावे. शहरातल्या लहान फेऱ्यांची असेल तर पातळ घ्यावे. गाडी जुनी होऊन थोडे तेल पिऊ लागली असेल तर त्याच तक्त्यातल्या वरच्या नंबरावर जाण्यास हरकत नाही. पण सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर तो रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेल्याचा इशारा आहे. घट्ट तेलाने धूर काही दिवस दबतो, दुखणे आत तसेच राहते. वापरलेली गाडी विकत घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण ही युक्ती गाडी विकतानाही केली जाते.

अक्षरांचा अर्थ

दर्जा कळतो तो अक्षरांवरून. डब्यावर एपीआय असे लिहून पुढे दोन अक्षरे असतात. एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. पहिले अक्षर एस असेल तर तेल पेट्रोल इंजिनासाठी, सी असेल तर डिझेलसाठी. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितकी कसोटी नवी आणि कडक. एसए पासून एसएच पर्यंतचे सर्व दर्जे आता रद्द झालेले आहेत. एसएफ दर्जाचे तेल १९८८ नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना योग्य नाही, असे ती संस्थाच सांगते. एसएन हा दर्जा २०१० साली, एसपी मे २०२० मध्ये आणि एसक्यू मार्च २०२५ मध्ये आला. लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत वेळेआधीच स्फोट होऊन पिस्टन फुटण्याचा जो धोका असतो, त्याला आवर घालण्याची कसोटी एसपीमध्ये आहे.

पेट्रोल गाडीसाठी नियम सोपा आहे. नवा दर्जा जुन्याची जागा घेऊ शकतो, जुना नव्याची घेऊ शकत नाही. पुस्तिकेत एसएन लिहिले असेल आणि दुकानात एसपी मिळाले तर खुशाल घ्यावे. एसपी लिहिले असताना एसएल घेऊ नये. एपीआयचा परवाना असलेल्या डब्यावर मेदूवड्यासारखे गोल चिन्ह असते. त्याच्या वरच्या कडेला दर्जाची अक्षरे आणि मधोमध एसएईचे आकडे छापलेले असतात. म्हणजे या लेखाचा सारा विषय त्या एका चिन्हात मावलेला असतो.

घरातल्या मोटारसायकलसाठी गाडीचे उरलेले तेल वापरण्याची सवय अनेकांना आहे. ती मोडावी. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या तेलातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे तो घसरू लागतो. त्यासाठी जासो एमए किंवा एमए२ अशी खूण असलेले तेल घ्यावे.

डिझेल गाडी आणि राखेचा प्रश्न

आमची गाडी फसली ती येथे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. डिझेलमधील गंधक दहा लाखांत १० भागांवर आणले गेले आणि डिझेल मोटारींच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आला. त्यालाच डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी गाडी मधून मधून स्वतःच सुमारे ६०० अंशांच्या उष्णतेत जाळून टाकते आणि फिल्टर मोकळा होतो.

पण चुलीतला कोळसा जळून गेला तरी राख उरतेच. इंजिनातले थोडे तेल नेहमीच जळत असते आणि त्यातल्या धातुयुक्त रसायनांची राख होते. ती पुन्हा जळत नाही, फिल्टरमध्ये साचत राहते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचे तेल लागते. युरोपच्या मोटार उत्पादकांची संस्था एसीईए. तिच्या सी३ या दर्जात राख ०.८ टक्क्याहून अधिक चालत नाही. अमेरिकेच्या सीजे-४ आणि सीके-४ या दर्जांत ही मर्यादा १ टक्का आहे. सीएफ-४ सारखे जुने दर्जे डीपीएफ येण्यापूर्वीचे आहेत, त्यांत राखेचा विचारच नव्हता. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत सी३ लिहिले होते आणि उस्तादच्या ड्रमवर सीएफ-४ होते. पंधरा-चाळीस की पाच-तीस, हा वाद दुय्यम होता. खरी चूक अक्षरांत होती.

इंजिनिअरने आणखी एक गोष्ट सांगितली, तीही नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. दोष सगळा तेलाचा नव्हता. गाडी बहुतांश दिवस शहरातच दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारत होती. काजळी जाळायला लागणारी उष्णता लहान फेरीत तयार होत नाही. प्रयत्न अर्धवट सुटतो आणि कित्येक गाड्यांत त्यासाठी सोडलेले जास्तीचे डिझेल तेलात उतरते. म्हणून डिझेल गाडीत तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. ते तेल पातळ होत असल्याचे लक्षण आहे, ताबडतोब तपासून घ्यावे. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवावी.

मिनरल की सिंथेटिक?

मिनरल, सेमी-सिंथेटिक आणि फुल सिंथेटिक असे तीन प्रकार बाजारात आहेत. सिंथेटिक तेल उष्णतेत लवकर बिघडत नाही आणि थंडीत चांगले वाहते, हे खरे. ०डब्ल्यू-२० सारखे नंबर साध्या मिनरल तेलातून साधत नाहीत. पण "सिंथेटिक" हा बऱ्याच अंशी व्यापारी शब्द आहे. कच्च्या तेलावरच कडक प्रक्रिया करून काढलेल्या तेलाला हे नाव देता येईल का, यावर अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या कंपन्यांत वाद झाला होता. १९९९ साली तेथील जाहिरातविषयक निवाडा मंडळाने तसे नाव देण्यास हरकत नाही असे ठरवले. कापडबाजारात "प्युअर" या शब्दाची जी किंमत, तीच येथे या शब्दाची. आधी आकडा, मग अक्षरे, आणि शेवटी हा शब्द, हाच क्रम ठेवावा. पुस्तिकेने मिनरल चालेल असे सांगितले असेल आणि तेल वेळेवर बदलले जात असेल, तर केवळ नावासाठी दुप्पट पैसे मोजण्याची गरज नाही.

तेलात मिसळायच्या लहान बाटल्या घ्याव्यात का, असेही विचारले जाते. आमचे उत्तर नकारार्थी आहे. चांगल्या तेलात रसायनांचे प्रमाण ठरवून घातलेले असते. वरून काही ओतले तर ते बिघडण्याचीच शक्यता अधिक.

कधी बदलावे?

पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने असे दोन्ही दिलेले असतात. जे आधी पुरे होईल ते धरावे. गाडी वर्षात चार हजारच किलोमीटर चालली तरी तेल वर्षभरात जुने होतेच, कारण लहान फेऱ्यांतली वाफ आणि न जळलेले इंधन त्यात मुरते. भिवंडी बायपासवर तासभर अडकलेल्या गाडीचा मीटर हलत नाही, पण इंजिन तासभर चाललेले असते. पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते. आपल्यापैकी अनेकांचा वापर त्याच सदरात मोडतो.

तेल काळे पडले म्हणजे वाया गेले, असे नाही. डिझेल गाडीत ते काही दिवसांतच काळे होते, कारण ते काजळी धुण्याचे आपले काम करत असते. याउलट सीएनजीवरच्या गाडीत काजळी कमी म्हणून तेल बरेच दिवस स्वच्छ दिसते आणि मालक बदलणे लांबवतो. ही फसगत आहे. रंग स्वच्छ असला तरी उष्णतेने तेल आतून झिजतच असते. रंग पाहू नये, मुदत पाहावी. तेलासोबत ऑइल फिल्टरही पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बदलावा.

पातळी पंधरा दिवसांतून एकदा पाहावी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक काढावी, पुसून पुन्हा घालावी आणि मग पाहावे. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. वरच्या खुणेपलीकडे भरले तर फेस होतो आणि पंप हवा ओढतो. प्रवासात तेल कमी पडले आणि नेहमीची कंपनी मिळाली नाही, तर त्याच आकड्याचे आणि त्याच दर्जाचे दुसऱ्या कंपनीचे तेल अडचणीपुरते घालता येते.

खरेदी करताना

बाजारात बनावट तेलाचा सुळसुळाट आहे. भंगारवाल्याकडून नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे घेऊन त्यांत गाळलेले जुने तेल भरण्याचे प्रकार उघडकीस येत असतात. म्हणून खुले तेल घेऊ नये. डबा अधिकृत विक्रेत्याकडून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर घ्यावा. झाकणाचे सील, बनवल्याची तारीख आणि बॅच नंबर पाहावा. डब्यावर स्कॅन करण्याची खूण असेल तर मोबाईलने तपासून घ्यावी. सील आपल्यासमोर फोडावे आणि रिकामा डबा सुरीने कापून मगच टाकावा, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही.

आता थोडा हिशेब. समजा गाडीत साडेतीन लिटर तेल लागते आणि योग्य तेल साध्या तेलाहून लिटरमागे १५० रुपयांनी महाग आहे. फरक झाला ५२५ रुपये. दहा हजार किलोमीटरवर वाटला तर किलोमीटरला सव्वापाच पैसे. तीच गाडी लिटरला १८ किलोमीटर देत असेल तर तेवढ्या अंतराला सुमारे ५५५ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०० रुपये धरले तर ५५,५०० रुपये. योग्य तेलाने त्यात एक टक्का जरी बचत झाली तरी ५५५ रुपये सुटले, म्हणजे महागाई वसूल होऊन वर काही उरले. आमच्या बाबतीत दोन वर्षांत तेलावर वाचलेली रक्कम नव्या फिल्टरच्या दहाव्या हिश्श्यालाही पुरली नाही.

काढलेले तेल

काढलेले जळके तेल गटारात ओतणे किंवा वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासणे, हे प्रकार सर्रास चालतात. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. तेल बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यातील ठराविक हिस्सा पुन्हा शुद्ध करवून घ्यावा, असा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे. तेव्हा गॅरेजवाल्याने ते अधिकृत संकलन करणाऱ्यालाच द्यावे, असा आग्रह धरावा.

तेलाचा कातडीवर होणारा परिणाम कापडाच्या धंद्याने फार पूर्वी पाहिला आहे. इंग्लंडातील लँकेशायरच्या सूतगिरण्यांत म्यूल यंत्रावर काम करणाऱ्यांचे कपडे वर्षानुवर्षे तेलाने भिजत आणि त्यांना कातडीचा कर्करोग होई. १९२२ साली डॉक्टरांनी हे वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि १९५३ साली ब्रिटनने त्यावर खास नियम केले. इंजिनात जळलेले तेल त्याहून निरुपद्रवी नाही. आपल्या गॅरेजमधला पोरगा ज्या उघड्या हातांनी ते काढतो, त्या हातांसाठी रबरी मोज्यांची एक जोडी आणि साबण, एवढा खर्च आपण नक्कीच करू शकतो.

शेवटी एक छोटी सूचना. आज घरी गेल्यावर गाडीच्या खणातली पुस्तिका बाहेर काढावी. तेलाच्या पानावरून चार गोष्टी एका चिठ्ठीवर उतरवाव्यात : आकडा, अक्षरे, किती लिटर आणि किती मुदत. एक चिठ्ठी गाडीत चिकटवावी, दुसरी उस्तादला द्यावी. प्रत्येक वेळी बिल जपून ठेवावे आणि तारीख व किलोमीटर वहीत लिहावे. आमच्या उस्तादने आता अशा चिठ्ठ्या गॅरेजच्या भिंतीवर ओळीने लावल्या आहेत. नवी गाडी आली की तो आधी पुस्तिका मागतो.